रोप वाचता आले पाहिजे

साडेचार फुटांची सरी आणि दोन झाडांत दीड फूट अंतर धरले, तर एकरात टोमॅटोची साधारण साडेसहा हजार रोपे बसतात. ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये ती वाढवायची तर सत्तरच्या आत ट्रे लागतात, आणि ते सगळे शेजारी शेजारी मांडले तरी शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या पलीकडे जागा जात नाही. पुढे ज्या एकरावर मल्चिंग, ठिबक, बांबू, तार, सुतळी, खते, फवारण्या आणि मजुरी यांचा खर्च पडणार आहे, तो अख्खा एकर तीन-साडेतीन आठवडे एका खोलीएवढ्या जागेत उभा असतो. तेवढ्या काळात त्याला पाणी द्यायला झारी पुरते, किडीपासून राखायला एक जाळी पुरते आणि सगळे ट्रे रोज नजरेखालून घालायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. लागवड झाल्यावर हीच पाहणी करायची तर सरी न् सरी फिरावी लागते, आणि बिघाड सापडला तरी तोवर पैसे जमिनीत गेलेले असतात. एवढ्या थोड्या कष्टात एवढे काही हाताशी असण्याची वेळ भाजीपाल्याच्या शेतीत पुन्हा येत नाही. तरीही आपल्याकडे बियाण्याच्या वाणावर जेवढी चर्चा होते, खताच्या डोसवर जेवढा खल होतो, त्याच्या पासंगालाही रोपवाटिका पुरत नाही. रोपे बसली की सगळे विसरतात, आणि मेली की बियाण्याला बोल लावतात.

पुढच्या पानांचा विषय भाजीपाल्याची निरोगी रोपे तयार करणे आणि रोपांतले बिघाड ओळखणे हा आहे. हे दोन वेगळे विषय समजले जातात. एक शेतकऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. एक कामाचा, दुसरा अडचणीच्या वेळचा. माझे म्हणणे असे की हा एकच विषय आहे. रोपाच्या वयात जे बिघाड होतात त्यांतल्या बहुतेकांची मुळे पाणी, हवा, उजेड, ऊब आणि क्षार यांत असतात, आणि या पाचही गोष्टी रोप वाढवणाऱ्याच्या हातातल्या आहेत. बुरशी आणि कीड येतातच, पण बहुधा दार उघडे सापडते म्हणून येतात. त्यामुळे आजारी रोपाकडे पाहणे म्हणजे गेल्या आठ-दहा दिवसांत आपण त्याला कसे वागवले हे पाहणे. ज्याला वाढवण्याचे कारण कळले त्याला निदान जमते, आणि जो नीट निदान करतो त्याची पुढची खेप सुधारते. वाफ्यात काही बिघडले की पहिला प्रश्न ‘काय मारू?’ असा निघतो. तो चौथा प्रश्न असायला हवा. त्याच्या आधी ‘कुठे?’, ‘कधीपासून?’ आणि ‘मुळी कशी आहे?’ हे प्रश्न यायला हवेत.

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर, कांदा यांचीच रोपे का करायची आणि भेंडी, गवार, मुळा, गाजर थेट का पेरायचे, याचे उत्तर बियाण्यात आणि मुळात आहे. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात. एवढ्याशा बीमध्ये शिदोरी फार थोडी. अंकुर वर येऊन पाने उघडेपर्यंतच ती पुरते. मोकळ्या शेतात तण, पाऊस आणि ऊन यांच्याशी झुंजायला असे बी दुबळे ठरते, म्हणून त्याला सुरुवातीला राखावे लागते. गाजर-मुळ्याचे सोटमूळच आपल्याला खायचे असते, ते हलवले की वाकडे होते किंवा फाटे फुटतात. टोमॅटो-कोबीचे मूळ तुटले तरी बाजूने नवी मुळे फोडते. पुनर्लागवडीची सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे, आणि म्हणून रोपाची परीक्षा वरच्या हिरवेपणावर करण्यापेक्षा खालच्या जारव्यावर केली पाहिजे. पांढऱ्याशुभ्र, बारीक, दाट मुळ्या असलेले वीतभरसुद्धा नसलेले रोप लागवडीनंतर चार-पाच दिवसांत नवे पान काढते. काळपट, तोकड्या मुळ्यांचे ऐटदार रोप पंधरा दिवस तसेच उभे राहते.

आता सर्वांत जुन्या आणि सर्वांत जास्त गैरसमज झालेल्या रोगाकडे येतो. रोपे कोलमडणे, म्हणजेच रोपमर. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात बी जमिनीतच कुजते किंवा अंकुर वर येण्याआधी मरतो. शेतकरी म्हणतो बियाणे उगवले नाही. दुसऱ्यात रोप वर येते, दोन पाने उघडते आणि एके सकाळी जमिनीलगत मान टाकते. असे रोप अलगद उचलून उजेडात धरावे. जमिनीच्या रेषेवर देठाचा भाग पाण्यात भिजल्यासारखा, पारदर्शक आणि दोरा आवळल्यासारखा बारीक झालेला दिसतो. वरची पाने अजून हिरवी असतात. दुसऱ्या दिवशी शेजारची रोपे पडतात आणि गादीवाफ्यावर गोल चकंदळ तयार होते. जिवाणूंहून मोठ्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पिथियम नावाच्या जीवाचे हे बहुतेक वेळा काम असते. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीच्या कणांभोवती पाण्याचा सलग पापुद्रा असेल तर ते एका मुळापासून दुसऱ्या मुळाकडे जातात. माती वाफशावर असेल तर त्यांचा रस्ता तुटतो. रोगाचे सगळे गणित या एका वाक्यात आहे. बी दाट पडले, वाफा सपाट राहिला, कच्चे शेणखत पडले, ढगाळ हवेतही संध्याकाळी पाणी दिले, की माती रात्रभर ओली राहते आणि पिथियमला हवे ते मिळते. रायझोक्टोनिया नावाची बुरशी एवढी पाण्यावर अवलंबून नसते. तिचा डाग तांबूस-तपकिरी आणि कोरडा असतो, आणि कोबीवर्गात ती देठ तारेसारखा कडक व बारीक करून रोप उभेच ठेवते. स्क्लेरोशियम असेल तर बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यांसारख्या गोळ्या दिसतात. पडलेले रोप उपटून मान पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला तिन्ही ठिकाणी फक्त ‘मर’ दिसते.

फरक कळून उपयोग काय, असे कोणी विचारील. औषध तर एकच टाकायचे असते. नेमके इथेच पैसे वाया जातात. आपल्याकडे रोपे पडू लागली की कार्बेन्डाझिमची आळवणी करण्याची पद्धत पडून गेली आहे. कार्बेन्डाझिम रायझोक्टोनिया आणि फ्युजारियमवर काम करते, पण पिथियम आणि फायटोप्थोरा या खऱ्या अर्थाने बुरशीच नाहीत. त्यांची जातकुळी निराळी आहे आणि या औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांना मेटॅलॅक्झिलच्या गटातली औषधे लागतात, आणि ती पुन्हा रायझोक्टोनियावर चालत नाहीत. शिवाय आळवणी म्हणजे पाणीच. पिथियमने पडणाऱ्या वाफ्यावर न चालणाऱ्या औषधाची आळवणी केली, तर रोगाला हवी असलेली ओल आपण हाताने वाढवतो. मग दुसऱ्या दिवशी आणखी रोपे पडतात, आणि निष्कर्ष निघतो की औषध बनावट होते किंवा डोस कमी पडला. औषधाला माझा विरोध नाही. वाफ्यात चकंदळ दिसल्यावर पाणी तोडणे, पडलेली रोपे आणि त्यांच्या भोवतीची वरवर चांगली दिसणारी रोपे मातीसकट काढणे, आणि मग ओळखलेल्या रोगावरचे औषध देणे हा क्रम आहे. पाणी तोडायला पैसे लागत नाहीत, म्हणून कदाचित ते कोणी सुचवत नाही.

याहून चांगला उपाय रोग येण्याआधीचा आहे. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच गादीवाफ्याची शिफारस आपल्या कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षे केली ती दिसायला नीटनेटके म्हणून नव्हे. ती पंधरा सेंटिमीटर उंची म्हणजे पाणी निघून जायची वाट आहे. एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचे, कडा मातीने बंद करायच्या आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवायचे, या मातीच्या सौरीकरणाचा शास्त्रीय पाया इस्राएलमध्ये घातला गेला. काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख १९७६ चा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हे तंत्र फुकट मिळाल्यासारखे आहे, तरी फार थोडे लोक वापरतात. काळे प्लॅस्टिक घालून फसलेले बरेच असतात. काळा कागद ऊन स्वतः शोषतो, पारदर्शक कागद ते मातीपर्यंत जाऊ देतो. ओलही तितकीच महत्त्वाची, कारण कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही आणि निद्रिस्त बीजाणू कोरड्यात चिवट असतात. थायरम किंवा ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, कुजलेले शेणखत आणि ओळीत विरळ पेरणी एवढे त्याला जोडले, तर रोपमरीचा बहुतेक त्रास मुळातच टळतो.

प्रोट्रे आणि कोकोपीट आले तेव्हा मातीतले रोग संपले असे वाटले होते. मातीतले बरेचसे कमी झालेही. पण प्रत्येक माध्यम आपल्या चुका घेऊन येते. ट्रेच्या एका कप्प्यात चार-पाच चमच्यांपेक्षा जास्त कोकोपीट मावत नाही. जमीन चूक सोसते. पाणी थोडे जास्त झाले, खत थोडे चढले, तर भोवतालची माती ते वाटून घेते. चार चमचे कोकोपीट काहीच सोसत नाही. नारळाच्या भुश्यात मुळात मीठ असते, विशेषतः सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवली असतील तर. ते धुतलेले नसेल तर उगवण लांबते, पानांच्या कडा करपतात आणि मुळांची टोके तपकिरी होतात. कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि पोटॅश व सोडियम सोडते, म्हणून चांगले उत्पादक ते कॅल्शियम नायट्रेटने धुऊन घेतात. एक मूठ माध्यम पाण्यात कालवून त्या पाण्याची क्षारता मीटरने पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि तो मीटर एका फवारणीच्या खर्चात येतो. विकत घेतलेल्या प्रत्येक खेपेला ही तपासणी व्हावी असे मी आग्रहाने म्हणेन.

पिवळेपणाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पिवळे रोप दिसले की युरिया किंवा १९:१९:१९ द्यायचे ही सवय हाडीमासी खिळली आहे. पिवळे पान काही एकच गोष्ट सांगत नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी असण्याची शक्यता खरी. रोप जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. नवे, शेंड्याकडचे पान पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह. कारण लोह जुन्या पानातून नव्याकडे हलत नाही. दख्खनच्या बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, बायकार्बोनेटने भरलेले. ते रोज चार चमचे माध्यमावर पडत राहिले की सामू चढतो, आणि लोह असूनही मुळीला घेता येत नाही. अशा वेळी लोहाची फवारणी दोन दिवस हिरवेपणा आणते, पण खरा दोष पाण्यात राहतो. थंडीत टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळी होते, ती स्फुरद उचलला जात नाही म्हणून. ऊब वाढली की बहुधा आपोआप जाते. आणि या सगळ्यांवर कडी करणारे कारण म्हणजे जास्त पाणी. मुळाला हवा मिळाली नाही तर ते काहीही उचलत नाही आणि रोप सगळीकडून फिकट होते. माध्यमावर हिरवे शेवाळ धरले असेल, ट्रेभोवती बारीक काळी चिलटे उडत असतील, कप्पा दाबल्यावर बोटाला पाणी लागत असेल, तर तिथे खताचा प्रश्नच उरत नाही. अशा गुदमरलेल्या मुळांवर युरिया टाकणे म्हणजे आणखी मीठ टाकणे. रोप उपटून मुळी पाहिली तर ही गफलत एका क्षणात टळते. पांढरी मुळी आणि पिवळे पान असेल तर अन्नाचा विचार करा. तपकिरी मुळी आणि पिवळे पान असेल तर पाण्याचा.

लांबट, किडमिडी रोपे हा तिसरा मोठा बिघाड, आणि त्याचे खापर बहुधा नत्रावर फुटते. नत्राचा थोडा हात असतो, पण मुख्य कारण उजेड. पान प्रकाशातला तांबडा भाग वापरते आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जवळजवळ न दिसणारा दूर-तांबडा भाग सोडून देते. त्यामुळे दाटीत उभ्या रोपाला शेजाऱ्यांच्या पानांतून गाळलेला, तांबडा कमी आणि दूर-तांबडा जास्त असलेला प्रकाश मिळतो. वनस्पतीतले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा फरक ओळखते आणि रोप वर पळू लागते. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात या रंगद्रव्याचा माग काढला. आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा: दाट पेरलेल्या वाफ्यात खत न देताही रोपे लांबणार. पन्नास टक्क्यांची शेडनेट एप्रिल-मेच्या उन्हात गरजेची असते; आषाढ-श्रावणाच्या ढगाळ दिवसांत तीच जाळी उरलासुरला उजेडही अडवते. पण एकदा ताणलेली जाळी कोणी गुंडाळत नाही. ट्रेमध्ये बी टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकण्याची पद्धत उगवणीसाठी उत्तम, मात्र अंकुर दिसू लागताच ती रास उघडावी लागते. एक दिवस उशीर झाला की माना पांढऱ्या, लांब आणि वाकड्या होतात, आणि ती लांबी नंतर कोणत्याही औषधाने कमी होत नाही. वाढ रोखणारी संजीवके मारून अशी रोपे बुटकी ठेवण्याचा प्रकार चालतो. तो मला पसंत नाही. उंची आवरते, पण रोप कमजोरच राहते, आणि मात्रा चढली तर लागवडीनंतरही खुंटते.

इथपर्यंतचे बिघाड मुळी, मान आणि पान पाहून बऱ्यापैकी ओळखता येतात. चुरडलेल्या पानांचे तसे नाही. मिरचीच्या रोपाची पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळत असतील तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळून देठ लांबत असतील तर कोळी, हा ठोकताळा उपयोगी आहे. पण दोन्ही एकत्र असतात आणि त्यांवर विषाणूही असू शकतो. म्हणून सगळ्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणून एकच फवारणी करणे फोल ठरते. फुलकिड्यावरची बरीच कीटकनाशके कोळ्यावर चालत नाहीत. टोमॅटोचा पर्णगुच्छ पांढरी माशी आणते, आणि रोपवाटिकेत लागण झाली तर लक्षणे अनेकदा लागवडीनंतर दिसतात. तोवर शेतात फवारण्या कितीही करा, लागलेला विषाणू निघत नाही. चाळीस-पन्नास मेशची जाळी आणि तिचे बंद राहणारे दार हा या रोगावरचा खरा इलाज, आणि तो फक्त रोपाच्या वयातच परवडतो. टोमॅटोचे पान दोरीसारखे अरुंद आणि पिळलेले झाले तर ते काकडीवरील मोझॅक विषाणूचे लक्षण असू शकते. पण २,४-डी या तणनाशकाचा वारा लागला तरी पान हुबेहूब तसेच होते. ऊसपट्ट्यात शेजारच्या फडात हे तणनाशक मारले जाते, किंवा तोच पंप न धुता रोपांवर वापरला जातो. दोहोंतला फरक एका पानात सापडत नाही, तो मांडणीत सापडतो. तणनाशकाचा फटका एका दिवसात, वाऱ्याच्या बाजूने, शेजारच्या इतर पिकांवर आणि तणांवरही पडतो, आणि नंतर वाढत नाही. विषाणू इथे एक, तिथे एक असा सुरू होतो आणि दर आठवड्याला वाढतो. एकाच दिवशी, सरळ रेषेत, सगळ्या रोपांवर सारखे झालेले नुकसान हे जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून किंवा हवामानातून झालेले असते; जिवंत रोग एवढा शिस्तीचा नसतो. डोळ्यांनी होणाऱ्या निदानालाही मर्यादा आहे. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक, सातारा भागात टोमॅटोची फळे एकसारखी न पिकता ठिगळांसारखी रंगू लागली आणि लोकांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. बियाणे, हवामान, खत अशा सगळ्यांवर बोट दाखवले गेले. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा काकडीवरील मोझॅक विषाणू प्रामुख्याने आढळला. असे प्रश्न प्रयोगशाळेतच सुटतात. शेतावरच्या निदानाने मात्र प्रयोगशाळेत काय आणि कुठले पाठवायचे हे ठरते.

निरोगी रोपसुद्धा वेळ चुकल्यावर बिघडते. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर तीन-चार आठवड्यांचे, वांगे पाचव्या आठवड्याच्या आसपास, मिरची पाच-सहा आठवड्यांची, कांदा सहा ते आठ आठवड्यांचा, हा साधारण हिशेब. फ्लॉवरचे रोप वाफ्यात किंवा ट्रेमध्ये उपाशी आणि म्हातारे झाले की शेतात गेल्यावर बटणाएवढा गड्डा धरते. कांद्याच्या रोपाला हरभऱ्याएवढी गाठ धरली की ते लावणीला आले असे आपल्याकडे मानतात. उन्हाळ कांद्याचे रोप त्याहून जाड होऊन डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लावले गेले की डेंगळे येतात, आणि डेंगळ्याचा कांदा चाळीत टिकत नाही. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात त्या मालाला मार पडतो तेव्हा दोष थंडीला दिला जातो. त्याचा एक वाटा रोपाच्या वयाचा असतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसात कांद्याची रोपे वाफ्यातच सडली, आणि ज्यांनी पुन्हा रोप टाकले त्यांची लावणी मागे गेली. कांद्याचे बी जेमतेम वर्षभर चांगले उगवते, त्यामुळे दुसऱ्यांदा टाकायला घरचे बीही पुष्कळांकडे नसते. उंच वाफा आणि वरचे आच्छादन याचा खर्च अशा एका पावसात वसूल होतो.

आता आक्षेपांकडे. पहिला असा की रोपे करतो कोण? जुन्नर, नाशिक, सांगली भागात तयार रोपे विकत मिळतात, राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेसारख्या योजनांनी अशा रोपवाटिका वाढवायलाही हातभार लावला आहे. मग शेतकऱ्याने हे शिकायचे कशाला? विकत घेणाऱ्याने तर जास्त शिकायला हवे. स्वतः वाढवलेल्या रोपाचा इतिहास माहीत असतो, विकतच्या रोपाचा फक्त रोपावरून वाचता येतो. ट्रे घेण्याआधी पेरणीची तारीख विचारा. ट्रेच्या मधल्या आणि कडेच्या कप्प्यांतून चार-पाच रोपे काढून पाहा. कोकोपीटचा गड्डा न फुटता बाहेर आला पाहिजे आणि त्यावर पांढरा जारवा दिसला पाहिजे. मुळी तळाशी गोल गोल फिरून तपकिरी झाली असेल, खालची दोन दळपाने गळली असतील, टोमॅटोला कळी आली असेल, तर ते रोप पाऊस लांबल्यामुळे किंवा दुसऱ्याने न उचलल्यामुळे ट्रेमध्ये थांबून राहिलेले आहे. पानाची खालची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चांगला रोपवाटिकाधारक या तपासणीला कधीच नाही म्हणणार नाही, कारण त्याचे नाव त्यावरच चालते.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. आमच्या आईबापांनी राख टाकून, झारीने पाणी घालून रोपे केली, तेव्हा कोणते मीटर होते? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. त्या पद्धतीत शहाणपण होते: उंच वाफा, कुजलेले खत, विरळ पेर, सकाळचे पाणी, आणि मुख्य म्हणजे दिवसातून दोनदा वाफ्यावर जाणारी बाई. पण तेव्हा घरचे बी होते आणि थोडी रोपे मेली तर नांग्या भरता येत होत्या. आज संकरित बी मोजून विकत घ्यावे लागते, कोकोपीट परगावाहून येते, बोअरचे पाणी दोनशे-तीनशे फुटांवरून येते आणि पांढरी माशी बाराही महिने असते. जुन्या डोळसपणाची गरज संपलेली नाही, उलट तिच्यात भर घालावी लागली आहे. तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: पानाचा फोटो पाठवला की उत्तर मिळते. फोटोत पान दिसते. मान दिसत नाही, मुळी दिसत नाही, माध्यमाची ओल दिसत नाही, वाफ्यातली मांडणी दिसत नाही, आणि तीन दिवसांपूर्वी कोणता पंप वापरला हेही दिसत नाही. पाहणारा कितीही जाणता असला तरी त्याला पानावरून तर्कच करावा लागतो, आणि तर्काचे उत्तर बहुधा बाटलीत संपते. फोटो पाठवायचाच असेल तर चार पाठवा: पूर्ण वाफा, आजारी आणि चांगले रोप शेजारी शेजारी, उपटून धुतलेली मुळी, आणि पानाची मागची बाजू. सोबत पेरणीची तारीख, पाण्याची वेळ आणि दिलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव लिहा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जातानाही हेच न्यावे, आणि रोपे ओली न करता कागदात गुंडाळून न्यावीत.

पुढची प्रकरणे पिकाप्रमाणे लावलेली आहेत, पण कोणतेही प्रकरण उघडण्याआधी वाचकाला माझी एक विनंती आहे. वाफ्यात किंवा ट्रेमध्ये काही वेगळे दिसले तर कृषी सेवा केंद्राकडे निघण्यापूर्वी पाच रोपे बिघडलेल्या जागेतून आणि पाच चांगल्या जागेतून मुळांसकट काढा, बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. मग मान, मुळी, जुने पान, नवे पान या क्रमाने पाहा, आणि जे दिसले ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. त्यानंतर ही पाने उघडलीत तर ती तुमच्या उपयोगी पडतील.